डेव्हचा कप आणि शंभर डॉलरचं दार

मागच्या शनिवारी दुपारी मी आणि माझा रूममेट जेवण उरकून लॅपटॉपसमोर बसलो होतो. गेलं दीड वर्ष आम्ही वीकांताला जमेल तसा एक गेम बनवतोय. लगोरीचा. सात फरश्यांचे तुकडे, एक चेंडू आणि चाळीतलं अंगण. गेम बऱ्यापैकी चालतो, म्हणजे आताशा क्रॅश होत नाही :-) आता तो स्टीमवर टाकायचा होता. फॉर्म भरत भरत शेवटच्या पानावर आलो तर फी : १०० डॉलर. आपले नऊ हजारांच्या आसपास.

"भर की," रूममेट म्हणाला.

माझा हात अडला. पैशांपेक्षा एक वेगळाच प्रश्न डोक्यात आला. टाकला, पण बघणार कोण? मग अशा वेळी कुठलाही इंजिनिअर जे करतो तेच मी केलं. मूळ काम बाजूला ठेवून इतिहास वाचत बसलो. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यासमोर मांडतो.

सुरुवात डेव्हपासून करू. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सरांची पाठ वळली की उघडायचा तोच तो लाल टोपीवाला डेंजरस डेव्ह. कप घेतल्याशिवाय दार उघडायचं नाही, आठवतंय? हा गेम लिहिला जॉन रोमेरोने. १९९० मध्ये तो अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या श्रीव्हपोर्ट गावी सॉफ्टडिस्क नावाच्या कंपनीत नोकरी करत होता. ही कंपनी डिस्कवरचं मासिक काढायची. वर्गणी भरा, दर महिन्याला घरी डिस्क येईल, तीत छोटे प्रोग्रॅम आणि गेम. म्हणजे रोमेरो आणि त्याचा सहकारी जॉन कारमॅक हे तुमच्या-आमच्यासारखेच पगारी नोकर.

त्या वर्षी रोमेरोला चाहत्यांची पत्रं येऊ लागली. वेगवेगळी नावं, सगळ्यांचं म्हणणं एकच : तुमचा गेम फार आवडला, मला फोन करा. स्वारी खूश! पत्रं भिंतीवर चिकटवली. पुढे एका मासिकात एक पत्ता वाचनात आला आणि ट्यूब पेटली. सगळ्या पत्रांवर तोच टेक्सासचा पत्ता होता. पत्रं लिहिणारा एकच माणूस, स्कॉट मिलर. कंपनीत येणारी पत्रं कुणीतरी फोडून वाचेल या भीतीने तो चाहत्याचं सोंग घेऊन लिहीत होता.

मिलरला एवढी खटपट का करावीशी वाटली? तेव्हा गेम विकायचा म्हणजे खोका छापा, वितरक गाठा, दुकानदाराच्या फळीवर जागा मिळवा. घरी बसून गेम लिहिणाऱ्याला यातलं काही परवडणारं नव्हतं. दुसरा रस्ता होता शेअरवेअरचा. गेम फुकट वाटायचा आणि आत लिहायचं, आवडला तर पैसे पाठवा. लोक खेळायचे आणि पैसे पाठवायला विसरायचे. मिलरने १९८७ मध्ये 'क्रोझ' या आपल्या गेमच्या वेळी त्यात एक बदल केला. गेमचे भाग पाडले. पहिला भाग फुकट, कुणीही कॉपी करा, मित्राला द्या, मोडेमवरून चढवा. पुढचे भाग हवेत? मग पैसे पाठवा, फ्लॉपी पोस्टाने येईल. कॉपी करणारा प्रत्येक जण आपसूक त्याचा फुकटचा सेल्समन झाला!

मिलरने रोमेरोच्या मंडळींना २,००० डॉलर आगाऊ पाठवले. ही मंडळी शुक्रवारी ऑफिसचेच कॉम्प्युटर गाडीत घालून घरी न्यायची, शनिवार-रविवार काम करायची आणि सोमवारी परत आणून ठेवायची. १४ डिसेंबर १९९० ला 'कमांडर कीन' बाहेर पडला. पहिला रॉयल्टीचा चेक आला १०,५०० डॉलरचा. अर्थात ऑफिसला पत्ता लागलाच. तडजोड अशी ठरली की नोकरी सोडली तरी सॉफ्टडिस्कसाठी आणखी काही गेम बनवून द्यायचे. (ऑफर लेटरमधलं बारीक अक्षरातलं कलम आपणही एकदा वाचलेलं बरं. २०२२ मध्ये मूनलायटिंगवरून आपल्याकडे काय गदारोळ झाला ते आठवत असेलच.)

याच चमूने आयडी सॉफ्टवेअर काढली आणि १० डिसेंबर १९९३ ला 'डूम'चा पहिला भाग विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या एफटीपी सर्व्हरवर चढवला. चढवला म्हणजे, चढवायला गेले. तिथे आधीच इतके लोक वाट पाहत बसले होते की खुद्द गेमच्या मालकांनाच आत शिरायला जागा मिळेना!

आता स्टीमकडे वळू. व्हॉल्व्हने १२ सप्टेंबर २००३ ला स्टीम सुरू केलं ते मुळात स्वतःचे गेम अपडेट करायला. बाहेरचा पहिला गेम तिथे विकायला आला ऑक्टोबर २००५ मध्ये, 'रॅग डॉल कुंग फू'. तो मार्क हीली या ब्रिटिश कलाकाराने नोकरी सांभाळून, फावल्या वेळात, मित्रांना हाताशी धरून बनवला होता. म्हणजे आज हजारो गेमनी भरलेल्या या दुकानातला पहिला पाहुणाही घरगुतीच.

पुढची काही वर्षं आत कुणाला घ्यायचं ते व्हॉल्व्हची माणसं ठरवत. अर्ज वाढले, माणसं पुरेनात. मग ३० ऑगस्ट २०१२ ला ग्रीनलाइट आलं. खेळणाऱ्यांनीच मतं द्यायची आणि निवडायचं. थोड्याच दिवसांत थट्टेचे आणि खोटे अर्ज इतके आले की १०० डॉलर फी लावावी लागली. शेवटी जून २०१७ मध्ये मतदानही गेलं आणि स्टीम डायरेक्ट आलं. दर गेममागे १०० डॉलर भरा, कागदपत्रं द्या, किमान ३० दिवस थांबा, आत या. गेमने १,००० डॉलरचा धंदा केला की फी परत.

दार सताड उघडलं. आणि २०२४ या एका वर्षात स्टीमवर १८ हजारांहून जास्त गेम आले. दिवसाला पन्नास! मिलरच्या काळी फळीवर जागा नव्हती. आज फळीला अंतच नाही, म्हणून आपला खोका दिसत नाही. अडचण तीच, फक्त दाराच्या बाहेरून आत आली.

मग आत आलेल्याचं काय होतं? 'अमंग अस'चंच बघा. तीन जणांच्या कंपनीचा गेम, २०१८ मध्ये आला. दोन वर्षं फारसं कुणी विचारलं नाही. २०२० च्या उन्हाळ्यात काही स्ट्रीमरनी तो मित्रांबरोबर खेळायला घेतला आणि जगभर वेड लागलं. लॉकडाऊनमध्ये आमच्या टीमनेही स्टँडअप संपल्यावर एकमेकांवर खुनाचे आरोप केलेत. गेम तोच होता. बदलली ती खेळून दाखवणारी माणसं.

किंवा एरिक बॅरोन. २०११ मध्ये कॉम्प्युटर सायन्सची पदवी, हाती नोकरी नाही. एकट्याने कोड, चित्रं, संगीत असं सगळं करत चार वर्षांहून अधिक काळ तो 'स्टारड्यू व्हॅली' बनवत होता. मधल्या काळात सिअ‍ॅटलच्या एका थिएटरात लोकांना खुर्च्या दाखवायचं काम केलं. घरखर्चाचा भार मुख्यतः मैत्रिणीने उचलला. २०१२ मध्येच त्याने गेम ग्रीनलाइटवर मांडला आणि काय चाललंय ते लोकांना सांगत राहिला. २६ फेब्रुवारी २०१६ ला गेम आला तेव्हा वाट पाहणारे आधीच तयार होते. २०२४ अखेर खप ४ कोटींच्या वर गेला.

पण इथे जपून. ही गोष्ट आपल्याला माहीत आहे कारण ती यशस्वी झाली. तशीच चार वर्षं घालून बुडालेल्यांची नावं कुणी लिहून ठेवत नाही. आणि पहिलं अपयश म्हणजे शेवट असंही नाही. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी'साठी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर पैसे मागितले, आकडा पूर्ण झाला नाही. गेम २०२० मध्ये आलाच, आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळालं.

हे सगळं वाचून मला एक गोष्ट कळली. फळी फ्लॉपीची असो वा स्टीमची, घरगुती गेम कधीच जाहिरातीने पोचला नाही. एकाने दुसऱ्याला दाखवला म्हणून पोचला. मिलरचा फुकटचा पहिला भाग, आजचा डेमो, स्ट्रीमरचा व्हिडिओ, सगळ्यांचं काम एकच : दाखवणाऱ्याच्या हातात काहीतरी देणं. स्टीमची विशलिस्टही त्यातलीच. गेमचं पान आधीपासून लावून ठेवलं की आवडलेले लोक नाव नोंदवतात, आणि गेम आला की स्टीम त्यांना मेल पाठवतं. पण ते पान लोकांपर्यंत न्यायला आधी कुणीतरी बोलावं लागतं.

तर आम्ही काय केलं? फी भरली नाही. अजून नाही. आधी लगोरीचा एकच डाव कापून घेतला आणि रविवारी इच डॉट आयओवर फुकट ठेवला. आमच्या ओळखीत नसलेल्या दहा जणांनी खेळावा आणि त्यातल्या एकाने तरी न सांगता दुसऱ्याला दाखवावा, एवढीच परीक्षा. सोमवारी एचआरला मेल टाकून लेखी परवानगीही मागितली. ती अजून आलेली नाही, नेहमीप्रमाणे.

रूममेट जरा फुरंगटलाय. दार उघडं असताना बाहेर कशाला थांबायचं, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, अरे, डेव्हसुद्धा आधी कप घ्यायचा.

असो. आज सकाळपर्यंत सहा जण खेळलेत. त्यातले दोघे अनोळखी.