वसरीवरचा इन्स्पेक्टर

पेडणे-डिचोलीकडच्या आपल्या जुन्या घरांत रेडिओ कुठे असे, ते जरा आठवून पाहा. बहुधा वसरीवर, विणलेल्या रुमालाखाली. त्या पेटीभोवती आपली माणसे दोन वेगळ्या कारणांनी श्वास रोखून बसली.

पहिले कारण तुमच्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी आंबोलीच्या रानातून 'गोंयचे सोडवणेचो आवाज' हे गुप्त नभोवाणी केंद्र बोलू लागले. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ते कोकणी व पोर्तुगीज भाषांतून चालवीत. पुढे ते कॅसलरॉकला हलले. आंबोली सावंतवाडीच्या मुलखातली, म्हणजे पेडण्याच्या शेजारचीच. पण सालाझारशाहीत ते केंद्र लावायचे तर आवाज बारीक करावा लागे आणि दाराकडे लक्ष ठेवावे लागे. डिसेंबर १९६१ मध्ये ही भीती संपली.

दुसरे कारण करमणुकीचे. १ नोव्हेंबर १९६७ पासून विविध भारतीवर मुंबई, पुणे आणि नागपूर येथून जाहिराती सुरू झाल्या आणि थोड्याच वर्षांत प्रायोजित मालिका आल्या. ईगल फ्लास्कवाल्यांनी आपल्या थर्मासच्या नावाचाच एक पोलीस अधिकारी उभा केला : 'इन्स्पेक्टर ईगल'. हे फ्लास्क तळेगावचे. विनोद शर्मा इन्स्पेक्टर होत आणि जोडीला हवालदार नाईक. नाईक हे आडनाव आपल्याकडे इतके घरचे की, तो हवालदार साखळीचा की मांद्र्याचा, यावर कुणी वाद घातला असेल तर नवल नाही.

मध्यम लहरी अंधार पडल्यावर दूर पोचतात. त्यामुळे दिवसा खरखरणारी मुंबई रात्री गोव्यात स्वच्छ ऐकू येई. गुन्ह्याच्या गोष्टीला यापेक्षा चांगली वेळ कोणती? मालिका हिंदीत होती. ते अडले नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारने आणि काळापहाडने मराठी वाचकाला रहस्याची चटक आधीच लावली होती, आणि दहीकाल्याला रात्र रात्र बसणाऱ्या पेडणेकराला नुसत्या आवाजावरून पात्र ओळखण्याची सवय होती. संकासुर पडद्यामागून बोलला तरी पोरे आईच्या पदरात शिरत.

तशी या प्रकाराला एक मोठी मर्यादा होती. थोड्या मिनिटांत चारपाच आवाजच मावतात, म्हणून खुनी त्यांतलाच असणार हे चाणाक्ष श्रोता लगेच ताडी. बीबीसीच्या 'डिक बार्टन'ने १९४६ ते १९५१ या काळात रोज संध्याकाळी पंधरा मिनिटे इंग्लंडला खिळवून ठेवले, ते कोडे घालून नव्हे. नायकाला संकटात लटकत ठेवून. आपल्या इन्स्पेक्टराची भिस्त पावलांच्या आवाजावर, दाराच्या करकरीवर आणि हवालदाराच्या भाबडेपणावर होती. माझ्या मते ते पुरेसे होते. ज्या वसरीवर दारावरची थाप सहा वर्षे खरोखर भीती घालीत होती, तिथे आता तीच थाप ऐकून मुले खिदळत.

अर्नाळकरांची पुस्तके वाळवी लागली तरी कपाटात सापडतात. नभोवाणीवरचा शब्द मात्र बोलला की गेला. म्हणून तुमच्याकडे एक मागणे : घरातल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसाला विचारा, रेडिओ कोणता होता, सेल कुठून आणत, ऐकायला शेजारचे कोण येत. आणि 'आवाज' ऐकताना दाराशी कोण उभे राही, तेही विचारा. लिहून ठेवा, वाड्याचे नाव घालून.