आमेरचा तमाशा : शेजाराची रंगभूमी

'तमाशा' हा शब्द मराठीत फारसीच्या वाटेने आला. त्याच्या मुळाशी असलेल्या अरबी धातूचा अर्थ 'चालणे' असा असून या रूपात 'मिळून चालणे' ही छटा आहे. महाराष्ट्रात हा शब्द गण-गौळण, लावणी आणि वग यांच्याशी एकरूप झाला. जयपूर व आमेर येथे त्याच नावाचा एक निराळा नाट्यप्रकार दोन शतकांहून अधिक काळ नांदत आला आहे. आणि शब्दाच्या मुळातील 'मिळून' हा अंश त्याने विशेष निष्ठेने जपला आहे.

सवाई जयसिंहाने 1727 मध्ये आमेरची राजधानी जयपूरला नेली. नव्या नगराच्या तटाबाहेर ब्रह्मपुरी ही विद्वान ब्राह्मणांची वस्ती उभी राहिली. पुढे 'ब्रजनिधी' या नावाने काव्यरचना करणाऱ्या सवाई प्रतापसिंहाच्या कारकीर्दीत (1778–1803) बंशीधर भट्ट यांनी तेथे तमाशाची परंपरा रुजविली. या घराण्याचे मूळ महाराष्ट्रात असल्याचे परंपरा सांगते. तथापि रोपटे महाराष्ट्राचे मानले तरी त्याचे पोषण जयपूरच्या मातीने केले. ढोलकीची जागा येथे सारंगी, तबला आणि पेटी यांनी घेतली, आणि संवाद शास्त्रोक्त रागांत बांधले गेले.

या नाट्याला पडदा नाही, नेपथ्य नाही. मोकळी जागा हाच 'अखाडा'. सभोवार माणसे बसतात. होळीच्या दिवसांत 'जोगी-जोगण' आणि 'हीर-रांझा', तर शीतलाष्टमीला 'जुट्ठन मियाँ' होतो. पंजाबातील मुसलमानी प्रेमकथा ब्राह्मणवस्तीच्या अंगणात भट्टांच्या कंठातून उमटते, याचे तेथे कोणास नवल वाटत नाही. कथा सर्वांस ठाऊक असते. नित्य नवे असते ते गायकाने मध्येच चालू घडामोडींवर केलेले भाष्य आणि त्याला श्रोत्यांकडून मिळणारी दाद. नट आणि प्रेक्षक एकमेकांचे शेजारी असल्यामुळेच हा मोकळेपणा शक्य होतो.

चैत्री अमावास्येला हा तमाशा आमेरला, अंबिकेश्वर महादेवाच्या मंदिरात जातो. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो. म्हणून ही तिथी मराठी पंचांगातली फाल्गुन अमावास्या, म्हणजे गुढीपाडव्याची पूर्वसंध्या ठरते. त्या दिवशीचा विषय असतो गोपीचंद. माता मैनावतीच्या उपदेशाने राज्य सोडून नाथपंथात गेलेला हा राजा 'नवनाथ भक्तिसारा'च्या मराठी वाचकास परका नाही. राजाने सोडलेल्या राजधानीत राज्य सोडणाऱ्या राजाची कथा गाइली जाते. वर्षातून एक दिवस नव्या नगराची माणसे जुन्या नगरात येऊन बसतात, आणि राजधानी हलली तरी संबंध हललेला नाही याची साक्ष पटते.

1949 मध्ये जयपूर संस्थान राजस्थानात विलीन झाले आणि दरबाराचा आश्रय संपला. आश्रयावर जगणाऱ्या अनेक कलांना तो आघात सोसावा लागला. महाराष्ट्रातील तमाशाने कनात, तंबू आणि तिकीट यांच्या बळावर फिरता व्यवसाय उभा केला. जयपूरचा तमाशा तसा फिरला नाही. गोपीजी भट्टांसारख्या कलावंतांनी तो घरच्या वारशाप्रमाणे सांभाळला आणि वस्तीने तो विनामूल्य ऐकला. पहिल्या मार्गाने कलावंतास भाकरी दिली, दुसऱ्याने वस्तीस एकत्र येण्याचे निमित्त दिले. दोहोंपैकी एकाला हीन लेखण्याचे कारण नाही. मात्र दुसऱ्या मार्गाची किंमत कलावंताच्या घराने मोजली, हे विसरता येत नाही.

2019 मध्ये जयपूरच्या तटबंदीतील नगरास जागतिक वारशाचा मान मिळाला. रस्ते, चौपडी आणि वाडे यांचे जतन अशा मानाने साधते. माणसांच्या बसण्याचे जतन त्याने होत नाही. ते दरवर्षी त्याच तिथीस, त्याच जागी, येऊन बसण्यानेच होते. जुन्या मोहल्ल्यातील कुटुंबे दूरच्या वसाहतींत विखुरली, तर तमाशापुढील खरा प्रश्न गाणाऱ्यांचा राहणार नाही, तो ऐकणाऱ्या शेजाराचा असेल. नट घराण्यात घडविता येतो. शेजार मात्र सहवासानेच घडतो.