दाराच्या आतली बाजू

डुक्कर फियाटची पुढची दारं उलटी उघडायची. बिजागऱ्या मागे, खटका पुढे. उदगीरच्या मोंढ्यातली जुनी माणसं गाड्यांच्या गोष्टी सांगायला बसली, की पहिली गोष्ट या दारांची असते. नऊवारी नेसलेल्या बाईला त्या दारातून सरळ मागे बसता यायचं, पाय आवरून घेतले की झालं. पण दार नीट लागलेलं नसेल आणि गाडीने वेग धरला, तर वारा ते उघडून पार मागे फेकायचा. म्हणून चालवणारा निघण्याआधी दोन्हीकडचे खटके दाबून बघायचा. आजोबांनी तरुणपणी एका अडत्याची अशी फियाट चालवली होती. पुढे आमच्या घरी सरळ दारांची पद्मिनी आली, तरी खटका चाचपल्याशिवाय त्यांनी कधी किल्ली फिरवली नाही.

आमच्या घरात गाडीच्या आधी गाडीच्या गोष्टी आल्या. पणजोबांच्या काळी उदगीर निजामाच्या राज्यात होतं, बिदर जिल्ह्यात. निजामाच्या रेल्वे खात्याने १९३२ साली २७ बसगाड्या घेऊन रस्त्यावरची वाहतूक सुरू केली. स्वतःची मोटार मात्र अंमलदारांची नाहीतर जहागीरदारांची. पणजोबांनी पाहिलेलं एक दृश्य आजोबा आम्हाला सांगत. मोटार थांबली की पुढून एक माणूस उतरायचा, धावत मागे यायचा आणि दार उघडून अदबीने उभा राहायचा. आत बसलेल्याचा हात दाराला लागतच नसे. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली. आजोबा ही गोष्ट नेहमी एकाच वाक्यावर आणून थांबवत: "आपली गाडी दारात आली ना, तवा तुझ्या आज्जीला म्हणलं, दार तूच उघड."

ती पद्मिनी मुंबईत, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला, आणि पन्नासच्या दशकात फियाट ११०० कुर्ल्याहून बाहेर पडू लागली. १९६४ साली डिलाइट आली. १९७२ मध्ये तिचं नाव प्रेसिडेंट झालं आणि १९७४ पासून पद्मिनी, चितोडच्या राणीवरून. नावं बदलली तरी १०८९ सीसीचं इंजिन आणि अंगकाठी तीच राहिली. नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. आजोबांनी थांबण्यापेक्षा वापरलेली घेतली. तेव्हा उदगीर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते बिदरमधून तिकडे गेलं. १९८२ च्या ऑगस्टमध्ये लातूर जिल्हा झाला आणि आम्ही लातूरचे झालो. गाडी त्याच अंगणात उभी होती.

दाराच्या आतल्या बाजूची ओळख मला चाचांनी करून दिली. चाचा म्हणजे आमच्या गल्लीतले कुशनवाले. त्यांच्या वडिलांनी टांग्यांच्या गाद्या शिवल्या, चाचांनी जीपचे टप आणि मोटारींची सीटं. आजोबांच्या मागे कित्येक वर्षं गाडी झाकून ठेवलेली होती. तिची दारं दुरुस्त करायला काढली, तेव्हा चाचांनी दुकान मुलाकडे सोपवलेलं होतं. तरी ते आले, खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "पहले काच फिराने का हँडल निकाल बेटा, जोर नक्को लगा."

हँडलच्या मागची चकती आत दाबली की बारीक पिन दिसते. ती सरकवली की हँडल हातात येतं. मग हातटेक्याचे स्क्रू. नंतर डोअर पॅड, म्हणजे रेक्झिन चढवलेला हार्डबोर्ड, कडेच्या क्लिपांवरून हळूहळू सोडवायचा. पातळ पट्टी अगदी क्लिपेच्या बुडाशी घालायची; लांबून उचकटलं तर भिजून मऊ झालेल्या बोर्डाचा तुकडा क्लिपेसकट निघतो. प्रत्येक स्क्रू वेगळ्या पुडीत, पुडीवर दाराचं नाव.

मला वाटायचं, दाराचं काम पाणी अडवण्याचं. चाचांनी बोट खालच्या कडेकडे नेलं. "पानी तो आताच. उसकू जाने का रस्ता खुला रखो." काचेवरून ओघळणारं पावसाचं पाणी रबराच्या पट्टीजवळून दाराच्या पोटात उतरतंच. त्यासाठी दाराच्या तळाला भोकं असतात. पाणी पोटातून खाली आणि भोकांतून बाहेर, अशी त्याची वाट. पॅडच्या मागे चिकटवलेला प्लास्टिकचा किंवा मेणकागदाचा पडदा त्या पाण्यापासून बोर्डाला वाचवतो. दुरुस्ती करताना तो पडदा कोणी फाडून टाकला, की बोर्ड पाणी पितो, फुगतो, वाकतो आणि रेक्झिन सुटतं. आमच्याकडे आणखी एक भर. उन्हाळाभर काळ्या मातीची धूळ काचेच्या फटीतून आत साचते, मृगाच्या सरीने तिचा चिखल होतो आणि भोकं बुजतात. मग पत्रा आतून सडतो. बाहेरून फोड दिसेपर्यंत आत फार काही उरलेलं नसतं.

मागच्या डाव्या दाराचा पॅड काढला, तर आत हार्डबोर्ड नव्हताच. चहाच्या खोक्याचं प्लायवूड होतं, त्यावर पुसट छापील अक्षरं. चाचांनी ते लगेच ओळखलं. आईने त्यामागची हकिकत सांगितली.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून माणसं नुकती झोपली होती. उदगीरही हादरलं. सकाळी बातमी कळताच आजोबा आणि मामा भाकरी आणि चादरी भरून निघाले. परतताना मागच्या सीटवर जखमी माणूस आडवा ठेवला. पाय आत मावेनात, म्हणून डावी काच पूर्ण खाली घेतली. त्या दिवसांत पाऊसही कोसळत होता. अशा खेपा होत राहिल्या आणि ते दार भिजत राहिलं. नंतर बोर्डाचा लगदा झाला. नवा बोर्ड आणायला लातूरला जायची कोणाला सवड नव्हती. चाचांनी वाण्याकडून खोकं आणलं, करवतीने कापलं आणि वर जुनंच रेक्झिन ताणून बसवलं. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

हे ऐकल्यावर त्या प्लायचं काय करायचं, हा प्रश्नच राहिला नाही. बाकी तीन दारांना जुन्या बोर्डांवरून माप घेऊन पाण्यात टिकणारं नवं प्लाय कापलं, भोकांच्या कडांसकट दोन्ही बाजूंनी वॉर्निश पाजलं. चहाच्या खोक्याचं प्लाय सुकवून, कडा घट्ट करून, अक्षरं तशीच ठेवून पुन्हा लावलं. पत्र्याचा गंज तारेच्या ब्रशने खरवडला, रेड ऑक्साइड मारलं, शिवणीत मेणाचं तेल सोडलं, भोकं मोकळी केली. काच फिरवायच्या मशीनला ग्रीस, चॅनलला नवा नमदा, आणि पॅडमागे अखंड प्लास्टिक.

रेक्झिन मात्र जुनंच. त्यावरच्या उभ्या रेघा कारखान्यात उष्णतेने दाबलेल्या असतात. तिथे सुई घातली तर भोकांच्या रांगेवरूनच ते फाटतं. मराठवाड्याच्या उन्हात त्यातला मऊपणा उडून गेलेला असतो. म्हणून कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश. पेट्रोल आणि थिनर लांब. ताणण्याआधी थोडं कोवळं ऊन दाखवायचं. हातटेक्यापाशी आजीच्या बांगड्यांनी पडलेले ओरखडे आहेत. ते बुजवायचा उपाय कुशनवाल्यांकडे असतो. आम्ही तो केला नाही.

जपणं म्हणजे नवं करणं नव्हे, हे मला या चार दारांनी शिकवलं. जे पुढची हानी करतं ते काढायचं: गंज, साचलेला चिखल, फाटका पडदा. जे घडून गेलेलं सांगतं ते ठेवायचं. दोन्हींतला फरक दार बघून कळत नाही, माणसांना विचारल्यावर कळतो. प्लायवरच्या अक्षरांचा अर्थ चाचांना आणि आईला ठाऊक होता. ते नसते, तर मी ती फळी कचरा म्हणून टाकली असती. उदगीरच्या १७६० च्या लढाईची नोंद इतिहासात आहे, सदाशिवरावभाऊंचं नाव आहे. भूकंपाच्या आठवड्यात कुणी कुणासाठी दार उघडलं, हे अजून फक्त सांगणाऱ्यांच्या तोंडी आहे.

मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेल्या. मराठवाड्यात मात्र वाड्यांच्या पडव्यांत, जिनिंगच्या शेडमध्ये अशा फियाटी आणि ॲम्बेसेडर अजून उभ्या आहेत. ज्यांच्याकडे असतील त्यांना माझं मनापासून सांगणं आहे: मृगाआधी एकदा दारांची भोकं तारेने मोकळी करा. पॅड काढाल त्या दिवशी घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाला शेजारी बसवा, आणि आत जे जे निघेल ते फेकण्याआधी त्यांना दाखवा. ते सांगतील ते त्याच दिवशी लिहून घ्या.