पंचांगातली विमाने

रोहिणी निघाली की खान्देशातला शेतकरी आभाळाकडे पाहू लागतो. रोहिणी, मृग, आर्द्रा ही जळगाव-धुळ्याकडे पावसाची नावे. पण हीच नावे एकेकाळी भारतात लाकडी विमानांनाही दिली गेली.

ही विमाने म्हणजे ग्लायडर; त्यांना इंजिन नसते. जमिनीवरच्या विंचने लांब तार झपाट्याने गुंडाळायची, की ग्लायडर पतंगासारखे वर चढते. तार सोडली की पुढचा सगळा भरवसा हवेवर. वैशाखात तापलेल्या काळ्या रानावरून ऊन हवा वर उठते, तिच्यात गिरक्या घेत उंची मिळवायची. आपल्याकडच्या घारी पंख न हलवता तरंगतात, तीच ही विद्या.

दिल्लीत नागरी विमान खात्याच्या तांत्रिक केंद्रात एस. राममृतम यांनी अशी ग्लायडरे आखली. लाकडाचा सांगाडा, प्लायवूड, सरस आणि वर ताणलेले कापड. कुशल सुताराला दुरुस्त करता येईल असे ते काम. पहिले नक्षत्र अश्विनी, म्हणून १९५८ साली उडालेले ग्लायडर ‘अश्विनी’. १९६१ मध्ये एकआसनी ‘भरणी’ आली. ‘रोहिणी’ही त्याच वर्षीची, तिच्यात शिक्षक आणि शिकाऊ शेजारी-शेजारी बसत. आणि १९६३ मध्ये कृत्तिकांचा पुत्र ‘कार्तिक’ उडाला. म्हणजे रोहिणी कृत्तिकेच्या आधी! पंचांगाचा क्रम एवढा मोडला. रोहिणी शंभराहून अधिक बनल्या. पुण्याच्या हडपसरला ग्लायडिंगचे केंद्र होतेच.

कार्तिक एकाच माणसाचा. पंखांचा विस्तार १५ मीटर, सुमारे ५० फूट. स्पर्धेसाठी देखणे यंत्र. मात्र जर्मनीत १९५७ सालीच काचतंतूंचे ग्लायडर उडाले होते. तेव्हा कार्तिक जन्मला त्याच वेळी लाकडाचे दिवस भरत आले होते, असे मला वाटते. लाकडाला दमटपणा सोसत नाही, सरसाचे जोड पुन्हापुन्हा तपासावे लागतात.

मुंबईच्या फ्लाइंग क्लबने पुढे धुळ्याजवळच्या गोंदूर धावपट्टीवर प्रशिक्षण सुरू केले. जेआरडी टाटांना १९२९ मध्ये देशातला पहिला परवाना मिळाला तो याच क्लबातून. पण गोंदूरची विमाने इंजिनाची. वैमानिक तिथेही घडतो, पण हवा हाताने जोखण्याची ती सवय बिनइंजिनाच्या विमानातच लागते.

१९७० मध्ये ‘मृगशीर्ष’, त्या दशकाच्या अखेरीस ‘आर्द्रा’. रेवती आणि स्वाती ही नावे इंजिनाच्या विमानांकडे गेली. पुनर्वसू नावाचे ग्लायडर मात्र झालेच नाही.