कमी दिवसांच्या बाळाला अमिनो आम्लं का देतात? घोडेगाव परिसरातल्या कुटुंबांसाठी सविस्तर माहिती

घोडेगाव : मंचर-भीमाशंकर रस्त्यावरचं घोडेगाव हे आंबेगाव तालुक्याचं मुख्य ठिकाण. डिंभे, तळेघर, आहुपे या पश्चिम पट्ट्यातल्या कुटुंबांना बाळंतपणासाठी इथलं ग्रामीण रुग्णालय किंवा मंचरचं उपजिल्हा रुग्णालय जवळ पडतं. पण बाळ सातव्या महिन्यातच जन्मलं आणि वजन किलो-सव्वा किलोच भरलं, तर त्याला पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात हलवावं लागतं. तिथं पेटीत ठेवलेल्या बाळाच्या शिरेत एक बाटली लावलेली दिसते. ‘अमिनो ॲसिड चालू आहे’ एवढंच नातेवाइकांच्या कानावर येतं. ते काय असतं, कशासाठी देतात आणि घरी आल्यावर काय करायचं, याची ही माहिती.

कमी दिवसांचं म्हणजे किती?

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ कमी दिवसांचं धरतात. ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेलं बाळ फारच कमी दिवसांचं आणि २८ आठवड्यांच्या आतलं अतिनाजूक. २०२० मध्ये जगात सर्वाधिक, म्हणजे सुमारे ३० लाख बाळं कमी दिवसांची जन्मली ती भारतात.

अमिनो आम्लं काय करतात?

स्नायू, रक्त, मेंदू, कातडी हे सगळं प्रथिनांनी बनतं आणि प्रथिनं बनतात २० प्रकारच्या अमिनो आम्लांपासून. त्यातली ९ शरीराला तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. कमी दिवसांच्या बाळाचं यकृत कच्चं असतं. त्यामुळे सिस्टीन, टायरोसीन, आर्जिनीन अशी एरवी शरीरात बनणारी आम्लंही त्याला पुरेशी बनवता येत नाहीत.

पोटात असताना वारेतून बाळाला अमिनो आम्लं सतत मिळत असतात. नाळ कापली की हा पुरवठा एकदम बंद होतो. त्यानंतर नुसतं साखरेचं सलाईन दिलं, तर बाळ स्वतःचेच स्नायू जाळायला लागतं. दर किलो वजनामागे रोज साधारण १ ग्रॅम प्रथिन असं घटतं. किलोभराच्या जिवाला ही घट परवडणारी नसते.

शिरेतून का?

इतक्या लहान बाळाचं आतडं पूर्ण दूध पचवायला तयार नसतं. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण ३२ ते ३४ आठवड्यांनंतर बसतो. तोवर नळीने थेंब थेंब दूध देतात आणि बाकीचं पोषण शिरेतून.

पूर्वी अमिनो आम्लं द्यायला डॉक्टर काही दिवस थांबायचे. तेव्हाची द्रावणं दुधातलं प्रथिन फोडून केलेली असायची. त्यांनी रक्तात आम्लता आणि अमोनिया वाढायचा. आता शुद्ध अमिनो आम्लांची द्रावणं मिळतात, म्हणून पहिल्याच दिवशी सुरुवात करतात. युरोपातल्या बालरोगतज्ज्ञांच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिल्या दिवशी दर किलोमागे किमान १.५ ग्रॅम आणि दुसऱ्या दिवसापासून २.५ ते ३.५ ग्रॅम द्यावं. सोबत साखर आणि स्निग्धांशातून पुरेशी ऊर्जा हवी, नाहीतर दिलेली अमिनो आम्लं बाळ वाढण्याऐवजी जळणात जातात. हे करताना रक्ताच्या तपासण्या वारंवार कराव्या लागतात आणि जंतुसंसर्गाचा धोकाही असतो. म्हणून ते नवजात अतिदक्षता विभागातच होतं.

जास्त दिलं तर बाळ लवकर वाढेल का?

नाही. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात एक किलोच्या आतल्या ४०० हून अधिक बाळांवर एक मोठी चाचणी झाली. निम्म्या बाळांना पहिले ५ दिवस रोज १ ग्रॅम जादा अमिनो आम्लं दिली. २०२२ मध्ये निष्कर्ष आले. दोन वर्षांच्या वयाला या मुलांचा काही फायदा झालेला दिसला नाही. उलट रक्तातल्या क्षारांचा तोल जाण्यासारखे त्रास त्यांच्यात जास्त आढळले. ग्लुटामिन हे एकच अमिनो आम्ल वेगळं देऊन पाहिलं, त्यानेही मृत्यू कमी झाले नाहीत. सूचनेप्रमाणे वेळेत द्यायचं, पण त्याच्या वर जायचं नाही, असा याचा अर्थ.

आईचं दूध आणि त्यात मिसळायची पूड

आतडं सावरलं की आईचं दूध हेच मुख्य अन्न. पण हिशोब असा : किलोभराच्या बाळाला रोज ३.५ ते ४ ग्रॅम प्रथिन लागतं. ते दिवसाला साधारण १६० मिलि दूध घेतं आणि त्यातून मिळतं जेमतेम २ ग्रॅम. ही तूट भरायला आईच्या दुधात ह्युमन मिल्क फॉर्टिफायर नावाची पूड मिसळतात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, सगळ्याच कमी दिवसांच्या बाळांना ती सरसकट नको. ३२ आठवड्यांच्या आतल्या किंवा दीड किलोच्या आतल्या बाळांसाठी विचार करावा. किती आणि कधीपर्यंत, हे डॉक्टरच ठरवतात. मेडिकलमधून मोठ्यांची प्रोटीन पावडर आणून बाळाला देणं धोक्याचं आहे.

आपल्याकडे घरोघरी गाई-म्हशी. त्यांच्या दुधात प्रथिन आईच्या दुधाच्या तिप्पट-चौपट असतं, मग तेच का देऊ नये, असं अनेक घरांत विचारलं जातं. ते प्रथिन वासराच्या वाढीसाठी असतं. बाळाला ते जड पडतं, जादा क्षारांचा ताण कच्च्या मूत्रपिंडांवर येतो आणि आईच्या दुधातलं रोगापासूनचं संरक्षण त्यात नसतं. आईचं दूध सोडून दुसरं दिलं की अशा बाळांमध्ये आतड्याला सूज येऊन ते सडण्याचा आजार जास्त होतो. आईला दूध कमी असेल तर दूधपेढी हा पर्याय आहे. आशियातली पहिली मानवी दूधपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. पुण्यात ससून रुग्णालयातही दूधपेढी आहे.

घरी आल्यावर

बाळाला आई-बापाने उघड्या छातीशी धरावं. याला कांगारू काळजी म्हणतात, आणि दिवसातून ८ तास ते शक्य तितका जास्त वेळ ती द्यावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ऊब मिळालेलं बाळ खाल्लेलं अन्न अंग गरम ठेवण्यात खर्च करत नाही, ते वाढीला लागतं.

चोखता येत नसेल तर पिळून काढलेलं आईचं दूध स्वच्छ बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने द्यावं. बाळगुटी, मध, गुळाचं पाणी देऊ नये. आशाताई ठरलेल्या दिवशी घरी येतात, तेव्हा वजन करून घ्यावं. बाळ सुस्त पडलं, दूध घेईना, अंग गार लागलं किंवा पोट फुगलं तर १०८ ला फोन करावा. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात आजारी बाळावर उपचार आणि रुग्णालयापर्यंतची ने-आण मोफत आहे.

सुट्टी होताना डॉक्टरांना चार गोष्टी विचाराव्यात : पूड चालू ठेवायची का, किती दुधात किती मिसळायची, रोज वजन किती वाढायला हवं आणि पुढची तपासणी कधी. उत्तरं कार्डावर लिहून घ्यावीत. आशाताई आणि घोडेगावच्या डॉक्टरांना पुढे त्याच कार्डाचा आधार असतो.