ॲनॉफिलीस स्टीफेन्सी : आफ्रिकेतील आगमन

हिवतापाचा प्रसार करणारी डासांची एक जाती. दक्षिण आशिया व अरबी द्वीपकल्प हे तिचे मूळ क्षेत्र. आफ्रिकेत ती प्रथम २०१२ मध्ये जिबूती या बंदराच्या शहरात आढळली. बहुधा जहाजांतून आली असावी. पुढे इथिओपिया (२०१६), सुदान, सोमालिया, नायजेरिया आणि केनिया येथेही तिची नोंद झाली.

आफ्रिकेतला हिवताप मुख्यतः खेड्यांचा व पावसाळ्याचा आजार मानला जाई, कारण तेथील स्थानिक डास पावसाच्या डबक्यांत वाढतात. स्टीफेन्सीला मात्र माणसाने साठवलेले स्वच्छ पाणी पुरते : गच्चीवरची टाकी, पिंप, बांधकामावरचा हौद. पाणी टंचाईपायी साठवले जाते, म्हणून कोरड्या महिन्यांतही पैदास चालू राहते. मुंबईला हे नवे नाही. शहरातील विहिरी आणि हिवताप यांचा संबंध मुंबईतील हिवतापावरील बेंटली यांच्या १९११ च्या अहवालात मांडलेला आहे, आणि टाक्यांना घट्ट झाकणे बसवण्याची मोहीम आजही तेथे चालते.

जिबूती देशात २०१२ मध्ये हिवतापाचे अवघे २७ रुग्ण नोंदले गेले होते. २०२० मध्ये ही संख्या ७३,००० वर गेली. या वाढीत स्टीफेन्सीचा वाटा मोठा मानला जातो. इथिओपियातील दिरे दावा शहरात २०२२ च्या कोरड्या ऋतूत आलेल्या साथीशीही तिचा संबंध दिसून आला. अनेक कीटकनाशकांना ती दाद देत नाही, शिवाय गुरांच्या रक्तावरही जगते. त्यामुळे केवळ मच्छरदाणी व घरातील फवारणी यांवर विसंबणे धोक्याचे आहे. पाणीसाठ्यांवर झाकणे घालणे आणि अळ्या नष्ट करणे हे उपाय अधिक महत्त्वाचे ठरतात.