ओनेग शब्बत (वॉर्सा घेट्टोतील गुप्त दस्तऐवज संग्रह)

ओनेग शब्बत ही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझी जर्मनीच्या ताब्यातील पोलंडमध्ये, वॉर्सा शहराच्या घेट्टोत गुप्तपणे काम करणारी ज्यू संशोधक, लेखक व शिक्षकांची संघटना होती. इतिहासकार एमानुएल रिंगेलब्लुम यांनी नोव्हेंबर १९४०मध्ये तिची स्थापना केली. घेट्टोतील जीवनाची आणि पुढे ज्यूंच्या सामूहिक हत्येची नोंद ठेवणे हे तिचे कार्य होते. तिने जमवलेले दस्तऐवज धातूच्या पेट्यांत व दुधाच्या कॅनमध्ये भरून जमिनीत पुरण्यात आले. युद्धानंतर त्यांपैकी दोन भाग सापडले. ‘रिंगेलब्लुम संग्रह’ या नावाने ओळखला जाणारा हा ठेवा होलोकॉस्टच्या इतिहासाच्या सर्वांत महत्त्वाच्या साधनांपैकी एक मानला जातो.

‘ओनेग शब्बत’ या हिब्रू शब्दांचा अर्थ ‘शब्बाथचा आनंद’ असा होतो. संघटनेच्या बैठका शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या दिवशी होत, त्यावरून हे सांकेतिक नाव पडले.

पार्श्वभूमी

सप्टेंबर १९३९मध्ये जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस वॉर्सा शरण आले. युद्धापूर्वी या शहरात साडेतीन लाखांच्या आसपास ज्यू राहत होते. ऑक्टोबर १९४०मध्ये जर्मन प्रशासनाने घेट्टोचा आदेश काढला व नोव्हेंबरच्या मध्यात तो बंद करण्यात आला. सुमारे ३.४ चौरस किलोमीटर जागेत, तीन मीटरहून उंच भिंतीआड चार लाखांहून अधिक माणसे कोंडली गेली. आसपासच्या गावांतून हाकलून आणलेल्या निर्वासितांमुळे ही संख्या आणखी वाढली. शिधा इतका तुटपुंजा होता की चोरट्या मार्गाने येणाऱ्या धान्यावाचून जगणे अशक्य होते. १९४२च्या मध्यापर्यंत उपासमार व टायफससारख्या साथींनी ८० हजारांहून अधिक लोकांचा बळी घेतला.

रिंगेलब्लुम यांचा जन्म २१ नोव्हेंबर १९०० रोजी बुचाच (आता युक्रेनमध्ये) येथे झाला. मध्ययुगीन वॉर्सातील ज्यूंच्या इतिहासावरील प्रबंधासाठी वॉर्सा विद्यापीठाने त्यांना १९२७मध्ये डॉक्टरेट दिली. ते डाव्या पोआले झियोन पक्षाचे कार्यकर्तेही होते. १९३८मध्ये जर्मनीने हजारो पोलिश ज्यूंना सीमेवर आणून सोडले, तेव्हा झ्बोंशिन येथील निर्वासितांच्या मदतकार्यात त्यांनी भाग घेतला. ऑगस्ट १९३९मध्ये ते जिनीव्हातील झियोनवादी परिषदेला गेले होते. युद्ध तोंडावर असतानाही ते वॉर्साला परतले. घेट्टोत त्यांनी स्वसाहाय्य संस्थेचे काम हाती घेतले. अन्नछत्रे, इमारत समित्या व निर्वासित केंद्रे यांच्याशी असलेल्या या संबंधामुळे सर्व थरांतील लोकांपर्यंत पोहोचणे त्यांना शक्य झाले आणि गुप्त कामाला आडोसाही मिळाला.

संघटना व सदस्य

संघटनेत सुमारे ५० ते ६० जण होते. त्यांची राजकीय व धार्मिक मते भिन्न होती. हेर्श वासेर व एलियाहू गुटकोव्स्की हे सचिव होते. रब्बी शिमोन हुबेरबांद यांनी धार्मिक जीवनाची व छळाची नोंद केली, तर अर्थशास्त्रज्ञ मेनाखेम लिंदेर यांनी आर्थिक बाजू अभ्यासली. पेरेत्स ओपोचिन्स्की हे घेट्टोत पोस्टमन होते. घरोघरी जाताना जे दिसे त्यावर त्यांनी वृत्तलेख लिहिले. लेखिका राखेल आउएरबाख एक अन्नछत्र चालवीत. तेथे रोज जेवूनही लोक उपासमारीने कसे मरतात याचे वर्णन त्यांनी केले. शिक्षक अब्राहम लेविन यांची दैनंदिनीही या संग्रहात आहे. कागदपत्रे सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी शिक्षक इस्रायल लिख्तेनश्टाइन यांच्याकडे होती. दस्तऐवज नेमके कोठे आहेत, हे फारच थोड्या लोकांना ठाऊक होते.

कार्यपद्धती

संघटनेने प्रश्नावल्या तयार केल्या, मुलाखती घेतल्या, निबंध लिहवून घेतले आणि मूळ कागदांच्या प्रती काढल्या. साहित्य यिद्दिश, पोलिश, हिब्रू व जर्मन या भाषांमध्ये आहे. भूमिगत वृत्तपत्रे, जर्मन फर्माने, शिधापत्रिका, ट्रामची तिकिटे, नाटकांच्या जाहिराती, गोळ्यांचे वेष्टनकागद, शाळकरी मुलांचे निबंध आणि हद्दपार केलेल्यांनी पाठवलेली पत्रे हे सारे जपून ठेवले गेले. सामान्य माणसाच्या दैनंदिन जीवनाला इतिहासात स्थान असले पाहिजे, ही रिंगेलब्लुम यांची युद्धापूर्वीपासूनची भूमिका होती.

सत्य कटू असले तरी ते संपूर्ण नोंदवावे, असा संघटनेचा आग्रह होता. त्यामुळे ज्यू पोलीस दलाची क्रूरता, ज्यू परिषदेतील भ्रष्टाचार, श्रीमंत व गरीब यांच्यातील दरी आणि शेजारी पोलिश लोकांचे चांगले-वाईट वर्तन यांविषयीही स्पष्ट लिहिले गेले. पुढील काळात केवळ जर्मन कागदपत्रे उरली असती, तर मारेकऱ्यांच्या नजरेतूनच हा इतिहास सांगितला गेला असता. ओनेग शब्बतच्या कामामुळे बळींचे स्वतःचे शब्द मागे राहिले.

१९४२च्या आरंभी ‘अडीच वर्षे’ नावाचा व्यापक अभ्यास हाती घेण्यात आला. त्यात घेट्टोचे आर्थिक, सांस्कृतिक व सामाजिक जीवन अभ्यासायचे होते. तो पूर्ण होऊ शकला नाही. लिंदेर यांची त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये गेस्टापोने हत्या केली.

सामूहिक हत्येची वार्ता

१९४२पासून संघटनेच्या कामाचे स्वरूप बदलले. जानेवारी १९४२मध्ये खेलम्नो येथील हत्याकेंद्रातून एक ज्यू कैदी निसटला व वॉर्सात पोहोचला. तेथे बंद वाहनांत विषारी वायूने माणसे मारली जात होती आणि त्याला प्रेते पुरण्याच्या कामावर लावले होते. ‘श्लामेक’ या टोपणनावाने नोंदवलेली त्याची साक्ष वासेर दांपत्याने लिहून घेतली. तिच्या आधारे तयार केलेला अहवाल पोलिश भूमिगत चळवळीमार्फत बाहेर पाठवला गेला. जून १९४२मध्ये बीबीसीने पोलंडमधील ज्यूंच्या हत्येविषयीचे वृत्त प्रसारित केले. जगाला कळवण्याचे आपले काम झाले, असे समाधान रिंगेलब्लुम यांनी तेव्हा आपल्या टिपणांत व्यक्त केले. मात्र त्या वृत्तामुळे हत्या थांबली नाही.

२२ जुलै १९४२ रोजी घेट्टोतून मोठी हद्दपारी सुरू झाली. सप्टेंबरपर्यंत सुमारे २,६५,००० लोकांना रेल्वेने त्रेब्लिंका येथे नेऊन ठार मारण्यात आले. हुबेरबांद यांच्यासह अनेक सदस्य या काळात मारले गेले. लेविन यांच्या पत्नीलाही याच काळात नेण्यात आले. त्यानंतरही त्यांनी जानेवारी १९४३पर्यंत दैनंदिनी लिहिली. त्रेब्लिंकातून निसटून आलेल्या अब्राहम क्शेपित्स्की यांची सविस्तर साक्ष आउएरबाख यांनी लिहून घेतली.

दस्तऐवज पुरणे

हद्दपारी चालू असताना, ३ ऑगस्ट १९४२ रोजी, लिख्तेनश्टाइन यांनी दाविद ग्राबेर व नाखुम ग्झिवाच या दोन तरुण साहाय्यकांसह पहिला भाग पुरला. नोवोलिप्की रस्त्यावरील ६८ क्रमांकाच्या शाळेच्या तळघरात धातूच्या दहा पेट्या ठेवण्यात आल्या. तिघांनीही आपापली शेवटची निवेदने लिहून त्यांत घातली. लिख्तेनश्टाइन यांनी स्वतःसाठी काही मागितले नाही. आपण, आपली चित्रकार पत्नी गेला सेक्श्टाइन व लहानगी मुलगी मार्गालित यांची आठवण राहावी, एवढीच इच्छा त्यांनी व्यक्त केली. सेक्श्टाइन यांची सुमारे तीनशे चित्रेही पेट्यांत होती. त्या कुटुंबातील कोणीही वाचले नाही. ग्राबेर १९ वर्षांचे होते व ग्झिवाच १८ वर्षांचे होते. तेही वाचले नाहीत.

दुसरा भाग फेब्रुवारी १९४३मध्ये दुधाच्या दोन मोठ्या कॅनमध्ये भरून त्याच इमारतीत पुरण्यात आला. तिसरा भाग एप्रिल १९४३मध्ये श्वेंतोयेर्स्का रस्त्यावर पुरला गेला असे मानले जाते.

उठाव व रिंगेलब्लुम यांचा अंत

हद्दपारीनंतर घेट्टोत सुमारे ५५ ते ६० हजार लोक उरले होते. त्यांतील तरुणांनी ज्यू लढाऊ संघटनेच्या माध्यमातून सशस्त्र प्रतिकाराची तयारी केली. जानेवारी १९४३मध्ये पहिली चकमक झाली. १९ एप्रिल १९४३ रोजी जर्मन सैन्य अखेरची हद्दपारी करण्यासाठी घेट्टोत शिरले, तेव्हा मोर्देखाय आनिएलेविच यांच्या नेतृत्वाखाली उठाव झाला. मोजक्या पिस्तुलांनी, हातबाँबनी व पेट्रोल-बाटल्यांनी लढणाऱ्यांनी जवळपास महिनाभर झुंज दिली. जर्मनांनी घरे एकामागून एक जाळून १६ मे रोजी मोहीम संपल्याचे जाहीर केले.

रिंगेलब्लुम त्याआधी पत्नी यहुदिस व मुलगा उरी यांच्यासह घेट्टोबाहेर पडले होते. उठावाच्या पूर्वसंध्येला ते एकटेच आत परतले आणि पकडले गेले. त्यांना त्राव्निकी येथील श्रमछावणीत नेण्यात आले. १९४३च्या उन्हाळ्यात एक पोलिश रेल्वे कर्मचारी व एक ज्यू महिला यांनी त्यांना तेथून सोडवून वॉर्साला आणले. ग्रुयेत्स्का रस्त्यावर मिएचिस्वाव वोल्स्की या माळ्याच्या काचगृहाखाली खोदलेल्या तळघरात ते कुटुंबासह राहिले. तेथे सुमारे ४० ज्यू लपले होते. त्या कोंदट जागेत रिंगेलब्लुम यांनी युद्धकाळातील पोलिश-ज्यू संबंधांवर ग्रंथ लिहिला.

७ मार्च १९४४ रोजी ही जागा जर्मन पोलिसांना सापडली. लपलेल्यांना व त्यांना आश्रय देणाऱ्यांना पाव्याक तुरुंगात नेण्यात आले आणि काही दिवसांतच रिंगेलब्लुम, त्यांची पत्नी व मुलगा यांच्यासह त्यांना ठार मारण्यात आले. वोल्स्की यांनाही प्राण गमवावे लागले. ज्यूंना वाचवणाऱ्या ज्यूएतरांना इस्रायलतर्फे दिला जाणारा सन्मान त्यांना मरणोत्तर देण्यात आला.

युद्धानंतरचा शोध

संघटनेच्या सदस्यांपैकी केवळ तिघे युद्धातून वाचले: हेर्श वासेर, त्यांची पत्नी ब्लूमा व राखेल आउएरबाख. उठावाच्या तिसऱ्या स्मृतिदिनी, एप्रिल १९४६मध्ये, आउएरबाख यांनी ढिगाऱ्याखाली गाडला गेलेला संग्रह शोधण्याचे जाहीर आवाहन केले. घेट्टोचा भाग पूर्णपणे जमीनदोस्त झाला होता. रस्तेही ओळखू येत नव्हते. नोवोलिप्की रस्त्यावरील चर्च तेवढे उभे होते. वासेर यांना असलेली माहिती व मोजमाप यांच्या आधारे खोदकाम झाले आणि १८ सप्टेंबर १९४६ रोजी दहा पेट्या सापडल्या. त्यांच्यात पाणी शिरल्याने अनेक कागद खराब झाले होते. काही अजूनही वाचता येत नाहीत.

दुधाचे दोन कॅन १ डिसेंबर १९५० रोजी बांधकामाच्या वेळी कामगारांना मिळाले. त्यांतील कागद तुलनेने चांगल्या स्थितीत होते. तिसरा भाग मात्र अद्याप सापडलेला नाही.

आउएरबाख १९५०मध्ये इस्रायलला गेल्या. तेथे याद वाशेम या स्मारकसंस्थेत बचावलेल्यांच्या साक्षी नोंदवणाऱ्या विभागाचे काम त्यांनी उभारले. १९६१मध्ये आडोल्फ आइखमान याच्यावर चाललेल्या खटल्यात वाचलेल्यांच्या साक्षींना मध्यवर्ती स्थान मिळाले. त्या तयारीतही त्यांचा सहभाग होता.

महत्त्व

सुमारे ३५,००० पृष्ठांचा हा संग्रह वॉर्सातील ज्यू ऐतिहासिक संस्थेत ठेवला आहे. १९९९मध्ये युनेस्कोने त्याचा समावेश ‘जगाची स्मृती’ या यादीत केला. दुधाचा एक कॅन वॉशिंग्टन येथील होलोकॉस्ट स्मारक संग्रहालयात पाहावयास मिळतो. इतिहासकार सॅम्युएल कॅसो यांनी या संघटनेवर लिहिलेला ग्रंथ २००७मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर आधारित माहितीपट २०१८मध्ये आला.

असे प्रयत्न अन्यत्रही झाले. बियालिस्तोक येथे प्रतिकार चळवळीने गुप्त संग्रह जपला आणि व्हिल्नो घेट्टोत कवी व ग्रंथपालांनी ज्यू ग्रंथ व हस्तलिखिते लपवून वाचवली. ज्यूंच्या प्रतिकाराचा विचार दीर्घकाळ प्रामुख्याने शस्त्रांच्या अंगाने झाला. ओनेग शब्बतच्या अभ्यासामुळे ती व्याख्या विस्तारली. शिक्षण, मदतकार्य व इतिहासलेखन हेही प्रतिकाराचे मार्ग होते, ही दृष्टी आज सर्वमान्य झाली आहे. बहुतेक सदस्यांनी जे लिहिले ते कोणी वाचेल की नाही हे कळण्याआधीच त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्यासोबत मारल्या गेलेल्या अनेकांची नावे आज केवळ या कागदांमुळेच ज्ञात आहेत.